शारदम्मांकडची लाल पलटण

लग्नाचा बँड लांबून ऐकू आला की अण्णा हातातलं काम टाकून चपला शोधू लागत. आमचं घर मल्लेश्वरममध्ये होतं आणि लग्नसराईत तिथल्या कुठल्या ना कुठल्या क्रॉसवरून, म्हणजे आडव्या रस्त्यावरून, संध्याकाळी वरात जायचीच. अण्णांना नवरदेवाशी काही देणंघेणं नव्हतं, गाण्यांशी तर नव्हतंच. ते थेट बँडवाल्यांच्या रांगेत शिरत आणि एखाद्या ट्रंपेटवाल्याच्या मागे मागे वाकून चालू लागत. जुन्या इंग्रजी लष्करी कोटाला पाठीमागे कमरेशी दोन बटणं असतात. ती खरी आहेत की नाही ते अण्णांना बघायचं असे. गोरे गेले तेव्हा छावणीतल्या कपड्यांच्या पेट्या लिलावात निघाल्या होत्या. लाल रंग, सोनेरी जर, आयती शिलाई. बँडवाल्यांना आणखी काय हवं होतं? पुढे ते कोट विटले, साटीनचे आले, पण प्रत्येक बँडमध्ये एखादा म्हातारा असा असायचाच, की ज्याने तो जुना कोट सोडला नव्हता. अण्णा त्याला गाठत. त्याच्या मापाचा नवाकोरा चकचकीत कोट शिवून देत आणि जुना घेऊन येत. या व्यवहारात आपण समोरच्याला चांगलंच गंडवलं, असं दोघांनाही वाटत असे आणि दोघेही खुशीत घरी जात. एकदा अशाच एका वरातीत अण्णा मांडवापर्यंत वाहत गेले. मुलीकडच्यांना ते मुलाकडचे वाटले, मुलाकडच्यांना मुलीकडचे. पानसुपारी, हार, नारळ घेऊन आणि पोटभर जेवून ते परतले. आईने विचारलं, लग्न कोणाचं होतं? अण्णा म्हणाले, ते काही कळलं नाही, पण क्लॅरिनेटवाल्याचा कोट नकली आहे.

अण्णा म्हणजे आमचे वडील. बेंगळुरात पिढ्या काढलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांत वडिलांना अण्णा आणि थोरल्या बहिणीला अक्का म्हणायची सवय कन्नडमधून कधी आली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. अण्णा हायस्कुलात भूगोल शिकवत. बाकी बाबतींत अगदी साधा, मितभाषी माणूस. चहात साखर कमी असली तरी बोलणार नाही. पण इंग्रजांच्या समारंभी पोशाखांचं हे वेड त्यांना कुठून लागलं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. शाळेतले सहकारी थट्टा करायचे, मास्तर, साहेब परत आले तर त्यांच्या कपड्यांची सोय तुमच्याकडे आहे. अण्णा हसत आणि नकाशे गुंडाळून वर्गावर जात.

घरातली सगळ्यात मोठी, रस्त्याकडची खोली या पोशाखांची होती. अण्णांनी बांबूचे सांगाडे करून घेतले होते. त्यांच्यावर हे लाल लोकरी बनातीचे, निळ्या कॉलरचे, पांढऱ्या पट्ट्यांचे कोट खांदे ताठ करून उभे असत. डोकी नाहीत, हात लोंबकळलेले. नवा माणूस दचकायचा. आम्हाला मात्र ते घरचेच वाटत, आणि आम्ही सगळे त्यांना 'मंडळी' म्हणायचो. पावसाळा सरला की मंडळींना गच्चीवर ऊन द्यायचं, कडुनिंबाचा पाला खिशांत भरायचा, हे आमच्या घरातलं पापड-कुरड्यांइतकंच नेमाचं काम होतं. त्यांतला एक कोट चांगलाच ऐसपैस होता, कुणा खात्यापित्या साहेबाचा असावा. विजेचं मीटर वाचायला आलेल्या नव्या माणसाने अंधुक उजेडात त्याला वाकून नमस्कार केला होता आणि उत्तर मिळालं नाही म्हणून पुन्हा एकदा केला होता.

रविवार हा बटणांचा दिवस. पितळी बटण घासताना पॉलिश कापडाला लागू नये म्हणून मधोमध चीर असलेली एक पितळी पट्टी बटणाखाली सरकवतात. ती सरकवण्याचं कसब अक्काच्या बोटांत होतं, माझ्या नव्हतं. मी तिच्याशेजारी पुस्तक घेऊन बसायचे आणि ती सांगेल तेव्हा फडकं द्यायचे. स्वयंपाकघरातून बिसीबेळेभाताच्या फोडणीचा वास, इकडे पॉलिशचा आणि डांबराच्या गोळ्यांचा, मागच्या अंगणात शारदम्मांच्या रेडिओवर कन्नड बातम्या, आणि अक्काचं हळू आवाजातलं गुणगुणणं. आजही कुठे धातूच्या पॉलिशचा वास आला की मला भूक लागते. अक्का गेली त्याला अजून वर्ष व्हायचंय. जे. पी. नगरातल्या या फ्लॅटच्या गॅलरीत बसून मी हे लिहिते आहे, रोज थोडं थोडं, कारण घाई केली की हे लवकर संपेल असं वाटतं.

आईचा या मंडळींवर राग होता, असं ती म्हणायची. आलेल्या बायकांना बसवू कुठे, या मुंडकेछाटांच्या मांडीवर? पण कसर लागलेलं अस्तर तीच रफू करायची, आणि तेही अशा बारीक टाक्यांनी, की अण्णांना जागा शोधायला भिंग लागे. मंडळींमधला सर्वांत देखणा कोट व्हाइटफील्डहून आला होता. आज माझा भाचा तिथे राहतो आणि ऑफिसची कॅब एका सिग्नलला अडकली की मला फोन करून तेवढ्या वेळात सगळ्या गप्पा संपवतो. पण तेव्हा व्हाइटफील्ड म्हणजे बसने जायचं गाव, बागा असलेले बंगले आणि त्यांत राहणारी थोडी अँग्लो-इंडियन कुटुंबं. त्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी आपल्या आजोबांचा कोट अण्णांना दिला तो एका अटीवर. कोट पेटीत कोंडायचा नाही, आजोबांना अंधाराची भीती वाटायची. अण्णांनी गंभीरपणे शब्द दिला आणि बसमध्ये सबंध रस्ताभर तो कोट मांडीवर उघडा ठेवून आणला.

तर अशा घरात अक्काचं लग्न ठरायची वेळ आली.

अक्का एका ग्रंथालयात नोकरीला होती. तिथे बेळगावचा एक तरुण येत असे, जवळच्याच संस्थेत संशोधन करणारा. त्याचं नाव सुधाकर. तो फार पुस्तकं नेत असे आणि फार लवकर परत करत असे, एवढं मला अक्काकडून समजलं. बाकीचं मी तिच्या गुणगुणण्यावरून ओळखलं. सुधाकरने घरी सांगितलं, घरच्यांनी मुलगी बघू म्हटलं, आणि आमच्याकडे आनंदी आनंद झाला. तो फार टिकला नाही. सुधाकरचे वडील भाऊसाहेब हे स्वातंत्र्याच्या चळवळीतले. तरुणपणी तुरुंगात गेलेले, चौकात विलायती कापडाची होळी केलेले. त्यांच्या घरात परदेशी टाचणीसुद्धा नव्हती. स्वतः कातलेल्या सुताखेरीज अंगाला काही लावत नसत. सुधाकर अक्काला म्हणाला होता, वडील मनाने मोठे आहेत, पण या एका बाबतीत त्यांच्याशी बोलता येत नाही. तुमच्या अण्णांच्या छंदाचं मी अजून सांगितलेलं नाही. लग्न झाल्यावर सांगू.

अक्काने हे घरी सांगितलं तेव्हा ती बटणं घासत नव्हती, नुसती पितळी पट्टी हातात फिरवत होती. हा मुलगा हवा होता तिला. तसं तिने तोंडाने म्हटलं नाही, पण आमच्या घरात तिला कधी काही हवं असल्याचं इतकं स्पष्ट दिसलं नव्हतं. पाहुणे नवरात्रात येणार होते, कारण भाऊसाहेबांचं खादीवाल्यांच्या कुठल्याशा बैठकीला बेंगळुरात येणं तेव्हाच होतं. आईने रात्रभर विचार केला असावा. सकाळी चहा देताना ती अण्णांना म्हणाली, की एक दिवस मंडळी शेजारी राहू देत.

"खोटं बोलायचं नाही," अण्णा म्हणाले.

"बोलतंय कोण? नुसतं दाखवायचं नाही."

अण्णांनी चहा संपवला. मग जुनी धुवट पातळं मागून घेतली आणि एकेक कोट स्वतः घडी करून गुंडाळला, रिकामे सांगाडे माळ्यावर टाकले. व्हाइटफील्डचा कोट गुंडाळताना त्यांनी पातळाला वरच्या बाजूने थोडी फट ठेवली. मी बघते आहे हे त्यांना दिसलं, पण त्यांनी काही स्पष्टीकरण दिलं नाही.

आता शारदम्मा. आमचं आणि त्यांचं अंगण एक, कढीपत्त्याचं झाड एक आणि भांडणं जवळजवळ नाहीतच. गोऱ्यापान, ठेंगण्या, बोलायला लागल्या की हातातल्या बांगड्याही बोलत. दसऱ्यात त्यांच्याकडे बाहुल्या मांडल्या जात. बेंगळुरात त्याला गोंबे हब्ब म्हणतात: हॉलमध्ये पायऱ्या रचायच्या, पांढरं कापड घालायचं, त्यावर पिढ्यांच्या बाहुल्या बसवायच्या. संध्याकाळी गल्लीतली मुलं "गोंबे कूरसिद्दीरा?" म्हणजे बाहुल्या बसवल्यात का, असं विचारत घरोघर फिरायची आणि द्रोणातून हरभऱ्याची उसळ खायची. शारदम्मांच्या मांडणीत म्हैसूरच्या दसऱ्याची मिरवणूक असायची. लाकडी हत्ती, त्यावर अंबारी, पुढे मातीचे शिपाई. हे शिपाई बोटाएवढे, त्यांतल्या निम्म्यांचे हात मोडलेले. म्हणून दरवर्षी त्या अण्णांकडे यायच्या आणि 'सर'चं सार करत म्हणायच्या, सार, दोनच लाल कोट द्या, मिरवणुकीच्या दोन्ही बाजूंना उभे करते. अण्णा दरवर्षी अदबीने नाही म्हणत. ही खेळणी नाहीत, अम्मा. त्या दरवर्षी सरी, सरी, म्हणजे बरं, बरं, म्हणून हिरमुसून परत जायच्या.

हे आईला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या दिवशी तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती, आणि नवऱ्याच्या वस्तू लपवतो आहोत हे शेजारणीला सांगण्याची तिला लाज वाटत होती. तेव्हा आम्ही दोघी मागच्या दाराने गाठोडी घेऊन गेलो आणि आईने तिच्या मोडक्या कन्नडमध्ये एवढंच सांगितलं, की हे आमच्या यजमानांनी पाठवलंय, दसऱ्यापर्यंत तुमच्याकडे असू दे. शारदम्मांनी एका गाठोड्याची गाठ सैल करून आत डोकावलं. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी आईला कुंकू लावलं, ओटी भरली, मला लाडू दिला आणि सरी, सरी म्हणत आम्हाला दारापर्यंत सोडायला आल्या. घरी येताना आई म्हणाली, फारच हळवी बाई आहे, एवढ्याशा कामाचं केवढं केलं.

पाहुणे आले त्या संध्याकाळी पुढची खोली मला परक्याची वाटली. आईने सतरंज्या घातल्या होत्या, फुलदाणी ठेवली होती, तरी बोललं की आवाज घुमायचा. उप्पीट आणि केशरीभात तयार होता. आमच्याकडे मुलगी दाखवायला पोहे करत नसत, तेही इथलंच वळण. भाऊसाहेब उंच, सडसडीत, पांढरंशुभ्र धोतर आणि टोपी, खांद्याला झोळी, झोळीतून डोकावणारी टकळी. सुधाकरची आई बुटकी आणि गोल, फारशी बोलणारी नव्हती, पण सगळीकडे तिचं लक्ष होतं. सुधाकर भिंतीकडे बघत होता. तिथे काय असायला हवं होतं ते त्याला ठाऊक होतं. भाऊसाहेबांनी अक्काला मुलगी बघायच्या चाकोरीतले प्रश्न विचारले नाहीत. सध्या काय वाचतेस म्हणाले, आणि तिने सांगितलेलं ऐकूनही घेतलं. त्यांचं बोलणं बेळगावकडचं, प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक 'की' लोंबायचा. "खोली मोठी आहे की हो तुमची," ते अण्णांना म्हणाले. अण्णा हो म्हणाले आणि सतरंजीची कड सारखी करत बसले. दुसऱ्या कुणाला ते लाजाळू वाटले असते. मला ते घरच्या माणसांना बाहेर काढून बसलेल्या यजमानासारखे दिसत होते. पण एकंदर सगळं बरं चाललं होतं. भाऊसाहेबांनी केशरीभात दुसऱ्यांदा मागून घेतला आणि आईने माझ्याकडे बघून हळूच डोळे मिटले.

तेवढ्यात दारात शारदम्मा आल्या. हिरवं रेशमी लुगडं, हातात कुंकवाची कोयरी. नवरात्रात गल्लीत बाई आलेली दिसली आणि तिला बाहुल्या बघायला बोलावलं नाही, असं तिथे होत नसे. बोलावल्यावर जायचं नाही, असंही होत नसे. नऊ दिवस घट बसवणाऱ्या आमच्या आईला हे आठवायला हवं होतं, पण आमच्याकडे बाहुल्या नसल्यामुळे ते तिच्या हिशेबातच आलं नव्हतं. ती घाईने म्हणाली, यांना जरा लवकर निघायचंय. पण सुधाकरची आई तोवर उठलीसुद्धा. बेळगावात आमच्याकडे असं बसवत नाहीत, बघू की, म्हणाली. शारदम्मा खूश झाल्या आणि त्यांनी पुरुषांकडेही हात केला. एरवी हा बायकांचा आणि मुलांचा सोहळा, पण या वर्षी यजमानांनीही यायलाच हवं, या वर्षीची शोभा सगळी तुमच्या सारांचीच कृपा आहे, असं त्या आईला कन्नडमध्ये म्हणाल्या. आईला तिथेच उलगडा झाला. अण्णांनी आईकडे पाहिलं, आणि त्यांनाही समजलं. आता काही करता येण्यासारखं नव्हतं. बेळगावच्या माणसाला कन्नड चांगलं कळतं. भाऊसाहेब म्हणाले, "मास्तरांची कृपा? मग बघायलाच पाहिजे की."

शारदम्मांच्या हॉलमध्ये पायऱ्या जवळजवळ छताला टेकल्या होत्या. मधोमध हत्ती, अंबारी, दिव्यांची माळ. आणि दोन्ही बाजूंना, अख्खी भिंत व्यापून, आमची मंडळी. शारदम्मांनी त्यांना काठ्यांवर चढवून, आत उशा भरून छात्या फुगवल्या होत्या. ज्यांना जन्मात डोकं नव्हतं त्यांना डोकी दिली होती: पालथी मडकी, त्यांवर काजळाच्या पिळदार मिशा, चुन्याचे डोळे, आणि शारदम्मांच्या यजमानांचे जरीकाठी म्हैसुरी पेटे, म्हणजे पागोटी. प्रत्येक इंग्रज अधिकाऱ्याच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. कापडाला मात्र एकही डाग नव्हता. शारदम्मा नीटस बाई. व्हाइटफील्डच्या आजोबांना त्यांनी सर्वांत पुढे, दिव्याच्या अगदी जवळ उभं केलं होतं.

भाऊसाहेब दारातच थांबले. शारदम्मा बोलतच होत्या. हे सगळे यांच्याकडचेच, सार कित्येक वर्षं जमवतात, मी किती वर्षं मागते आणि यंदा त्यांना दया आली, असं त्या आनंदाने सांगत राहिल्या. सुधाकरने खाली बघितलं. भाऊसाहेब हळूहळू पुढे गेले, एका कोटासमोर उभे राहिले, मग अण्णांकडे वळले आणि त्यांनी साध्या आवाजात विचारलं, "हे तुमचे?"

 अण्णा अक्काकडे बघत होते. हो म्हटलं तर तिचं काय जाईल, हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं, आणि नाही म्हणणं त्यांना जमणार नव्हतं, हेही. अक्काच्या आवाजातली कितीतरी वाक्यं आता मला मुद्दाम आठवावी लागतात. त्या संध्याकाळचं आठवावं लागत नाही.

"आमचे," अक्का म्हणाली. "बटणं मी घासते."

आईने माझा हात इतका घट्ट धरला, की बांगडी रुतली. भाऊसाहेबांनी अक्काकडे पाहिलं, मग बटणांकडे. मग पुन्हा अण्णांकडे वळून म्हणाले, आमच्या डोक्यात यांनी काठ्या घातल्या, मास्तर. कशाला सांभाळलेत?

शाळेतल्या थट्टेला अण्णांनी कधी उत्तर दिलं नव्हतं, आईलाही दिलं नव्हतं. मला वाटतं, त्यांना असं सरळ कुणी विचारलंच नव्हतं.  "आत माणूस असताना यांच्याकडे मान वर करून बघायची सोय नव्हती," ते म्हणाले. "माझे वडील छावणीच्या रस्त्याने जाताना खाली बघत जायचे. आता आत कुणी नाही. नीट बघता येतं. किती मेहनतीने शिवलंय, कुणी शिवलंय, कुठे उसवलंय. मला बघायला आवडतं, एवढंच आहे ते."

भाऊसाहेबांनी मान हलवली की नुसती वळवली, ते कळलं नाही. ते एकेका कोटासमोरून चालत गेले, परेडची पाहणी करावी तसे. त्या ऐसपैस कोटापाशी आले आणि थांबले.  मग बोलले ते अण्णांशी नाही, आमच्यापैकी कुणाशीच नाही, त्या मडक्याच्या मिशांशी बोलावं तसे. बेळगावच्या छावणीत मैदानाला तारेचं कुंपण होतं, म्हणाले. संध्याकाळी बँड वाजायचा. आम्ही पोरं कुंपणाला नाक लावून उभी असायचो. लाल कोटातला एक जाडा माणूस मोठा ढोल वाजवायचा. तो वळला की सोनेरी जर चमकायची. आपण मोठे झालो की तेच व्हायचं, असं मी ठरवलं होतं. त्यानंतर मोठा झालो.

"झोपेत अजून वाजवतात," सुधाकरची आई म्हणाली. त्या संध्याकाळी ती एवढं पहिल्यांदाच बोलत होती. "पलंगाच्या फळीवर. तुरुंगातून सुटून आल्यापासून ऐकते आहे मी. मला वाटायचं, काठ्यांची स्वप्नं पडतात यांना. एकदा ताल ओळखला की."

हसायला सुरुवात कुणी केली ते मला सांगता येणार नाही. बहुधा सुधाकरने, कारण त्याचा चेहरा मला आठवतो, वडिलांना प्रथमच बघत असल्यासारखा. भाऊसाहेब कानांपर्यंत लाल झाले. मग त्यांनी झोळी खांद्यावरून काढून बायकोच्या हातात दिली आणि अण्णांना विचारलं, की एकदा घालून बघितला तर चालेल का. सुधाकरची आई म्हणाली, बघा की, एवढी वर्षं मनात कशाला ठेवायचं.

अण्णांनी मडकं उतरवलं, उशा काढल्या आणि कोट हातात धरला, जसा दुकानात धरतात तसा. भाऊसाहेबांनी बाह्यांत हात घातले. खाली पांढरं धोतर, वर लाल बनात, डोक्यावर खादीची टोपी. अंगात तो कोट ढगळ होता, पण त्याची कॉलर भलतीच ताठ आणि अरुंद. भाऊसाहेबांना अर्धवट काही आवडत नसावं. त्यांनी गळ्याचे हूकही लावले. क्षणभर ते त्या रांगेत ताठ उभे राहिले आणि त्यांचे दोन्ही हात पोटाशी, नसलेल्या ढोलावर अलगद हलले. अण्णा इतके खूश होऊन बघत होते, की त्यांना आपण कशासाठी जमलो आहोत याचा विसर पडला असावा.

मग हूक निघेना. भाऊसाहेबांनी ओढला, सुधाकरने ओढला. हनुवटी वर, डोळे छताकडे, आवाज घुसमटलेला. यात उभं राहून राज्य कसं केलं हो यांनी, असं काहीसं ते म्हणाले. अण्णा म्हणाले, कुणी ओढू नका, अक्काला येऊ द्या. गल्लीतली मुलं एव्हाना दारात जमली होती. शारदम्मांची आरतीची वेळ झाली होती आणि ती काही कुणाच्या हुकासाठी थांबणार नव्हती. त्यांनी निरांजन पेटवलं, बायकांनी गाणं सुरू केलं, आणि शारदम्मा पायऱ्यांपासून सुरुवात करून एकेका शिपायाला ओवाळत निघाल्या. रांगेत जो उभा आहे तो बाहुल्यांतलाच, असं धरून त्यांनी भाऊसाहेबांनाही ओवाळलं. अक्का स्टुलावर चढली होती आणि तिची दोन्ही हातांची बोटं त्यांच्या गळ्याशी होती. "मान आणखी वर," ती म्हणाली. तिच्या आवाजात रविवारच्या कामाचा आवाज होता. त्यांनी मान आणखी वर केली.

सुधाकरची आई द्रोणातली उसळ खात म्हणाली, आता तरी सांगून टाका, मुलीकडची माणसं केव्हाची खोळंबली आहेत.

"मी काय सांगणार?" भाऊसाहेब छताकडे बघत म्हणाले. "हिलाच विचारा की. आम्ही पसंत आहोत का?"

 अक्काने मान वळवली नाही. दोन बोटांत कॉलरची कड धरून तिने हूक आतून वर ढकलला. टक् असा बारीक आवाज आला आणि भाऊसाहेबांनी मोठा श्वास घेतला.

"पसंत आहात," अक्का म्हणाली. "पण हळू काढा. अस्तर जुनं आहे."